चित्त्याचा खरा वेग किती: ताशी १२० की ९३?

प्रश्न असा होता: "चित्त्याचा वेग कुठे ताशी १२० किमी वाचला, कुठे ९३. खरा कोणता? आणि मी आरेच्या बाजूला राहतो. बिबट्या मागे लागलाच तर पळून सुटता येईल का?"

आधी चित्ता. १२० विसरा. घड्याळ लावून मोजलेले आकडे त्याच्या खालीच आहेत. १९६५ साली केनियात एका माणसाळलेल्या चित्त्याला २०१ मीटरच्या पट्ट्यावर पळवलं, तेव्हा ताशी सुमारे १०४ किमी निघाले. २०१२ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीने १०० मीटर ५.९५ सेकंदांत कापले. उसेन बोल्टला त्यालाच ९.५८ सेकंद लागले होते, आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

९३ चा आकडा मात्र जंगलातला आहे, म्हणून मला तोच जास्त मोलाचा वाटतो. बोत्स्वानात पाच चित्त्यांच्या गळ्यात जीपीएस आणि वेगबदल टिपणारे पट्टे बांधले, त्यांच्या ३६७ धावा नोंदवल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. सगळ्यांत वेगवान धावेत ताशी ९३ किमी गाठले गेले. पण एका शिकारीत चित्ता जो कमाल वेग गाठतो, त्याची सरासरी निघाली ५४ च्या आसपास, आणि धावेची सरासरी लांबी फक्त १७३ मीटर. म्हणजे ज्या वेगासाठी चित्ता प्रसिद्ध आहे, तो वेग त्याला बहुतेक वेळा लागतच नाही. त्याची खरी करामत ब्रेकमध्ये आहे. एका ढांगेत तो सेकंदाला तीन मीटरने वेग वाढवतो आणि चार मीटरने कमी करतो. हरीण सरळ पळत नाही, सारखं वळतं. त्याच्याबरोबर वळायचं तर आधी वेग उतरवावा लागतो.

पश्चिम रेल्वेने रोज जाणाऱ्याला हा हिशेब चटकन कळेल. मधल्या मोकळ्या पट्ट्यात लोकल सुसाट जाते, पण चर्चगेट ते बोरिवली या ३४ किमीला फास्ट गाडीलाही पन्नासेक मिनिटं लागतात. सरासरी पडते चाळीसच्या आसपास. प्राण्यांच्या वेगाचा कुठलाही तक्ता दिसला की आधी विचारा: किती अंतरावर मोजला, आणि कसा?

घोड्याचं उदाहरण घ्या. चित्त्यापुढे तो मंद, हे कुणीही सांगेल. पण महालक्ष्मीला डर्बीची शर्यत २४०० मीटरची असते आणि घोडे ती अडीच मिनिटांच्या आसपास संपवतात. म्हणजे पाठीवर जॉकी घेऊन ताशी ५७-५८, तेही सलग. तिथे चित्ता उतरवला तर पहिल्या काही सेकंदांत तो पुढे असेल आणि अर्ध्या शर्यतीच्या आत धापा टाकत बसलेला असेल.

"कसा मोजला" याचं सगळ्यात गमतीचं उदाहरण सेलफिशचं, पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला तो मासा. ताशी ११० किमी हा त्याचा आकडा अजून शाळेच्या वह्यांत फिरतो. तो आला कुठून, तर गळाला लागलेला मासा किती झपाट्याने दोर ओढून नेतो यावरून! अंगात उपकरण बसवून मोजल्यावर तो शिकार करतानाही ताशी ३५ किमीच्या आसपासच जातो असं दिसलं. पाण्यात फार वेगाने गेलं तर शेपटीभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांचाच मार बसतो, त्यामुळे माशांच्या वेगाला एक मर्यादाच आहे.

पक्ष्यांत बहिरी ससाण्याचं नाव सगळे घेतात, आणि ते बरोबरच आहे. हिवाळ्यात मुंबईच्या उंच टॉवरांवरही तो बसलेला दिसतो. त्याचे ताशी ३०० किमीच्या वरचे आकडे मात्र सूर मारतानाचे आहेत, त्यात अर्धं काम गुरुत्वाकर्षणाचं. सपाट उडण्यात मी पाकोळीला मान देईन. पुलाखाली, जुन्या इमारतींच्या छज्जाखाली किलबिलत घिरट्या घालतात त्याच. त्यांच्या युरोपातल्या एका जातभाईचा वेग स्वीडनमध्ये ताशी १११ किमी मोजला गेला आहे, तोही स्वतःचे पंख मारून.

आणि किलोमीटरची मोजपट्टी बाजूला ठेवली तर तुमच्या मोरीतलं झुरळ चित्त्याला लाजवतं. मोठं तांबडं झुरळ सेकंदाला दीड मीटर पळतं, म्हणजे ताशी साडेपाच किमीही नाही. पण एका सेकंदात ते स्वतःच्या लांबीच्या पन्नासपट अंतर कापतं. चित्ता स्वतःच्या लांबीच्या वीसपटीच्या आसपासच जातो. पूर्ण वेगात झुरळ पुढचं अंग उचलून फक्त मागच्या दोन पायांवर धावतं. त्याच्या शेपटाकडे दोन बारीक शिंगं असतात, त्यांवरच्या केसांना हवेची हालचाल कळते. तुमची चप्पल हवा ढकलत येते तेव्हाच त्याला निरोप मिळालेला असतो. म्हणून फटका नेहमी लादीवर बसतो.

आता बिबट्या. त्याचा वेग ताशी ५५-६० धरतात. बोल्टने सर्वोच्च क्षणी ४४ गाठले होते, आणि आपण घाबरून पळालो तरी वीस-बावीस. तेव्हा पळून सुटण्याचा प्रश्न येत नाही. पण बिबट्या लांबून पाठलाग करणारा प्राणीच नव्हे. तो दबा धरून अगदी जवळून झेप घेतो, आणि आरेला लागून असलेल्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या कडेला त्याची नजर बहुतेक वेळा कुत्र्या-डुकरांवर असते. पाठ करून पळणारं किंवा खाली बसलेलं लहान चणीचं काहीही त्याला सावज वाटू शकतं. म्हणून दिसलाच तर पळू नका, वाकू नका. लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्या, मोठ्याने बोलत त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका, आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. अंधारात मुलांना एकटं बाहेर सोडू नका, कचरा साठू देऊ नका; कचऱ्यापाठी कुत्री येतात आणि कुत्र्यांपाठी तो. वस्तीत अडकलेला दिसला तर गर्दी न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.