आवडत्या जागी नोकरी केली तर तिची जादू उरते का?

प्रश्न : आम्ही अनेक वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहतो. आमची मुलगी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असून आतिथ्य व्यवस्थापन शिकते. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डचे तिला लहानपणापासून विलक्षण वेड आहे. शाळेत असताना तिने खोलीच्या भिंतीवर तिथल्या मॅजिक किंगडमचा नकाशा लावला होता आणि तो अजूनही तिथेच आहे. आता विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ‘डिस्ने कॉलेज प्रोग्रॅम’मध्ये तिची निवड झाली असून काही महिने तिथे राहून पगारी काम करण्याची संधी चालून आली आहे. मात्र निवडीचे पत्र आल्यापासून ती विचारात पडली आहे. “आई, तिथे नोकरी केल्यावर मला ती जागा पुन्हा आवडेल का गं?” असे ती विचारते. तिच्या बाबांचे मत ‘अतिपरिचयादवज्ञा’ असे आहे. हौस ती हौसच राहू द्यावी, तिच्यावर पोट भरू नये, असे ते म्हणतात. मला आणखी एक काळजी आहे. तिथे सफाईचेही काम दिले जाते, असे ऐकते. एवढे शिकून मुलीने झाडू मारायचा का? आपण काय सुचवाल?

— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या मुलीच्या मनात दोन वेगवेगळ्या भीती एकमेकींत मिसळल्या आहेत, असे मला वाटते. गुपिते कळली की मजा जाईल, ही पहिली. आणि रोजच्या कामाने त्या जागेचा वीट येईल, ही दुसरी. पहिलीत फारसे तथ्य नाही. दुसरीत मात्र पुष्कळ आहे, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले, तेव्हापासून त्याच्या पोटात सुमारे नऊ एकर क्षेत्रफळाचे भुयारी मार्गांचे जाळे आहे. कॅलिफोर्नियातील जुन्या डिस्नेलँडमध्ये काउबॉयच्या वेशातील एक कर्मचारी भविष्यकाळाच्या विभागातून चालत जाताना वॉल्ट डिस्ने यांना दिसला आणि तो विसंवाद त्यांना खटकला, अशी या मार्गांच्या जन्माची कथा सांगितली जाते. फ्लोरिडात जमिनीखाली थोड्याच खोलीवर पाणी लागत असल्याने हे मार्ग खणलेले नाहीत. ते जमिनीच्या पातळीवर बांधून शेजारच्या तळ्यासाठी उपसलेली माती त्यांच्यावर घालण्यात आली, म्हणजे पाहुणे ज्या रस्त्यावरून चालतात तो वस्तुतः वरचा मजला आहे. खाली कर्मचाऱ्यांची उपाहारगृहे आहेत, मालाच्या गाड्या फिरतात आणि वरचा कचरा हवेच्या दाबाने मोठ्या नळ्यांतून वाहून नेला जातो. आपल्या मुलीला यातले बहुतेक सारे आधीच ठाऊक असणार. ज्या मुलीच्या भिंतीवर नकाशा आहे, तिने ही माहिती शोधून वाचली नसेल, हे मला खरे वाटत नाही. आणि तरीही तिचे वेड टिकले आहे.

खुद्द कंपनी ही गुपिते तिकीट लावून दाखवते, हेही ध्यानात घ्यावे. सोळा वर्षांवरील पाहुण्यांसाठी एक मार्गदर्शित फेरी असते, तीत ही भुयारे आतून पाहायला मिळतात. छायाचित्रे मात्र काढू देत नाहीत. पडद्यामागचे पाहिल्याने जादू संपत असती, तर एवढ्या चतुर व्यापाऱ्यांनी ती अशी विकायला काढली नसती. तिथली स्पेस माउंटन ही राइड १९७५ पासून चालू आहे. काळ्याकुट्ट अंधारामुळे आपण भयंकर वेगाने अंतराळात फेकले जात आहोत, असे तीत वाटते. प्रत्यक्षात तिचा कमाल वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास असतो. बिघाड झाला आणि आतले दिवे लागले, की दिसतो तो लोखंडी रुळांचा आणि आधारखांबांचा सांगाडा. तो पाहून काहींचा हिरमोड होतो, तर काहींना एवढ्याशा वेगात एवढी घबराट निर्माण करणाऱ्याच्या अकलेचे कौतुक वाटते. आपली मुलगी दुसऱ्या जातीची असेल, तर गुपितांनी तिचे प्रेम वाढेल.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पुढे विनोदी नट म्हणून नावारूपाला आलेला स्टीव्ह मार्टिन १९५५ मध्ये, म्हणजे डिस्नेलँड सुरू झाले त्याच वर्षी, वयाच्या दहाव्या वर्षी तिथे माहितीपुस्तिका विकत असे. नंतर तो तिथल्याच जादूच्या सामानाच्या दुकानात लागला आणि गिऱ्हाइकांसमोर हातचलाखीचे खेळ करू लागला. प्रत्येक खेळामागची युक्ती ठाऊक असणे, हाच त्या नोकरीचा पाया होता. त्या ज्ञानाने त्याची हौस मेली नाही. रंगमंचाकडची त्याची वाट तिथूनच सुरू झाली.

डिस्नेमध्ये कामाची सारी भाषाच नाटकाची आहे. कर्मचाऱ्याला ‘कास्ट मेंबर’, गणवेशाला ‘कॉस्च्युम’, पाहुण्यांसमोरच्या भागाला ‘ऑनस्टेज’ आणि मागच्या भागाला ‘बॅकस्टेज’ म्हणतात. आपल्याकडे नाटकाचा ट्रक उतरवून नेपथ्य लावणारा माणूस तोच प्रयोग शेकडो वेळा विंगेतून पाहतो. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसासारखा तो दचकत नाही, हे खरे; पण आज अमक्या जागी टाळी का पडली नाही, हे त्याला बरोबर सांगता येते. आपल्या मुलीला तिथे मिळेल तो आनंद या प्रकारचा असेल. तो तिच्या लहानपणीच्या आनंदासारखा नसेल, आणि तसा तो असावा अशी अपेक्षा घेऊन ती गेली, तर पहिल्याच आठवड्यात हिरमुसेल.

आता तिच्या बाबांच्या आक्षेपाकडे वळतो. त्याला शास्त्राचा आधार आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील अशी मुले निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढणे मनापासून आवडत असे. काहींना चित्राबद्दल बक्षीस मिळेल असे आधीच सांगितले, काहींना ते न सांगता दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिले तेव्हा, ज्यांच्याशी बक्षिसाचा सौदा आधी झाला होता ती मुले चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळताना दिसली. हौसेला मोल लागले की हौस आटते, हा त्यांचा मुद्दा यातून सिद्ध होतो, असे ते म्हणू शकतात. परंतु इथे एक भेद करावा लागेल. आपल्या मुलीला राइडमध्ये बसण्याचे पैसे मिळणार नाहीत. इतरांना राइडमध्ये बसवण्याचे मिळणार आहेत. ही दोन कामे इतकी निराळी आहेत की एकीचा पगार दुसरीची गोडी मारेलच, असे म्हणता येत नाही. गोडी मारणारे कारण वेगळे आहे.

ते कारण म्हणजे थकवा. फ्लोरिडाचा उन्हाळा आपल्या कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देणारा, दमट आणि घामट असतो. शनिवार, रविवार, नाताळ आणि नववर्ष हे इतरांच्या सुट्टीचे दिवस तिथे कामाच्या ऐन गर्दीचे ठरतात. जंगल क्रूझ या नौकेवरचा नाविक पाहुण्यांना विनोद ऐकवत जातो; नौका पाण्याखालच्या मार्गदर्शक रुळावरून जाते आणि तो रूळ दिसू नये म्हणून पाणी गढूळ रंगाचे ठेवलेले असते. पाहुण्याला ती कोटी जन्मात एकदा ऐकायची असते, नाविकाला एका पाळीत कितीतरी वेळा सांगायची असते, आणि दर वेळी ती आत्ताच सुचल्यासारखी वाटली पाहिजे. दिशा दाखवतानाही एक बोट रोखायचे नाही, दोन बोटांनी किंवा उघड्या तळव्याने दाखवायचे, असा तिथला शिरस्ता आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या अभ्यासावरून अशा कामाला ‘भावनिक श्रम’ म्हटले. आनंदी असणे हेच कामाचे स्वरूप असेल, तर ज्या दिवशी आनंद नसतो त्या दिवशीचे काम दुप्पट जड जाते. हे तिला आत्ताच मोकळेपणाने सांगावे.

पगाराविषयीही थोडे स्पष्ट बोलतो, कारण प्रेमापोटी आलेल्या मुलांना पैशाची गोष्ट काढायला संकोच वाटतो आणि तो संकोच मालकाच्या पथ्यावर पडतो. ‘कास्ट मेंबर’ हा शब्द कितीही गोड असला, तरी जादूसाठी वेगळा भत्ता कोणी देत नाही. डिस्ने वर्ल्डमध्ये ७० हजारांहून अधिक माणसे काम करतात. तिथल्या कामगार संघटनांनी २०२३ मध्ये केलेल्या करारात किमान वेतन त्या वर्षअखेरपर्यंत ताशी १८ डॉलरवर नेण्याचे ठरले. पुढच्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये पात्रांच्या वेशात वावरणाऱ्या आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या कलाकारांनी मतदान करून ‘ॲक्टर्स इक्विटी’ या कलाकारांच्या संघटनेत जाण्याचा कौल दिला. मुलांना मिठी मारणारी, परीकथा जिवंत ठेवणारी हीच ती मंडळी. जागेवर प्रेम करणे आणि कामाचे रास्त दाम मागणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपल्या मुलीलाही दिसू नये.

आता मिळण्यासारखे काय आहे, ते पाहू. संध्याकाळच्या मिरवणुकीच्या वेळी दोरखंडाशी गर्दी आवरणाऱ्या कर्मचाऱ्यांची पाठ मिरवणुकीकडे आणि तोंड लोकांकडे असते. आपल्या मुलीने ती मिरवणूक आजवर नेहमी समोरून पाहिली, आता ती तिला खांद्यावर बसलेल्या पोरांच्या डोळ्यांत, फोन वर धरलेल्या बापांच्या चेहऱ्यांवर आणि “ती बघ, आली, आली!” म्हणणाऱ्या आजीच्या आवाजात दिसेल. वाढदिवसासाठी किंवा पहिल्या भेटीसाठी पाहुण्यांना फुकट बिल्ले देतात. त्यावर मुलाचे नाव लिहून तो त्याच्या सदऱ्याला लावणे हे अगदी साधे काम आहे, पण ते मूल दिवसभर तो बिल्ला मिरवते. ज्याला स्वतःला ही जागा आवडली आहे, त्याला हे काम इतरांपेक्षा चांगले जमते. मॅजिक किंगडममध्ये अशा मुलीला मोल आहे, आणि हे मी भाबडेपणाने म्हणत नाही.

सफाईच्या कामाविषयीची आपली काळजी मी समजू शकतो, पण तिच्याशी सहमत नाही. आपल्याकडे झाडूला जी प्रतिष्ठेची अडचण चिकटली आहे, ती विमानातून तिकडे नेण्याची गरज नाही. सफाई कर्मचारी कोणत्याही एका राइडला बांधलेला नसतो, त्याला मोकळेपणे हिंडता येते आणि रस्ता, स्वच्छतागृह, मिरवणुकीची वेळ हे सगळे पाहुणे बहुधा त्यालाच विचारतात. त्यांच्यातले काही जण झाडूचे टोक पाण्यात बुडवून फरसबंदीवर मिकी किंवा गूफीचे चित्र काढतात. भोवती मुले जमतात आणि उन्हात ते चित्र वाळून जाईपर्यंत उभी राहतात. आतिथ्य व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलीला पाहुणा समजून घेण्यासाठी गल्ल्यापेक्षा ही जागा कदाचित अधिक उपयोगी पडेल. पुढे मुलाखतीत सांगण्यासारखे प्रसंगही तिला इथे जास्त मिळतील.

तेव्हा माझा सल्ला जाण्याचा आहे, पण काही पथ्ये पाळून. तिची सर्वांत लाडकी राइड कोणती, हे तिला विचारावे आणि पसंती कळवण्याची संधी मिळाली, तर नेमकी तीच राइड तिने मागू नये. त्या राइडवरचे गाणे, तिथला वास, तिथली रांग ही तिची स्वतःची ठेव आहे. तिच्यावर आठ-आठ तासांच्या पाळीचे ओझे चढवण्याचे कारण नाही. कर्मचाऱ्यांना उद्यानात मोफत प्रवेश मिळतो, म्हणून सुट्टीच्या प्रत्येक दिवशी तिथेच जाण्याचा मोह होईल. तोही सुरुवातीला आवरावा, नाहीतर आठवड्यातला एकही दिवस कामाच्या जागेपासून दूर जाणार नाही. पहिले तीनचार आठवडे ती रडवेल्या आवाजात फोन करील, हेही धरून चालावे. पाय दुखत असतात, घर दूर असते आणि नव्याचे नऊ दिवस संपलेले असतात. तेवढ्यावरून ‘परत ये’ म्हणू नये. महिन्या-दीड महिन्यानंतरही तिला सकाळी कामावर जाताना तिथल्या गाण्यांचा तिटकारा येत असेल, तर मात्र ते गंभीरपणे घ्यावे; हा कार्यक्रम काही महिन्यांचा आहे आणि तो अर्ध्यावर सोडला म्हणून कोणाचे आयुष्य बिघडत नाही.

तिच्या बाबांना ‘अतिपरिचयादवज्ञा’ आठवते, तर ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हणही त्यांना ठाऊक असेलच. दोन्ही म्हणी चढून न पाहिलेल्या डोंगराविषयी पुष्कळ बोलतात, चढणाऱ्याविषयी काहीच सांगत नाहीत. निर्णय मुलीने घ्यावा, आपण दोघांनी तिला हिशेब मात्र करून द्यावा. कंपनीने व्यवस्था केलेल्या निवासात राहिल्यास भाडे पगारातून कापले जाते. ताशी वेतन, आठवड्याला किमान किती तास कामाची हमी आहे आणि भाड्यानंतर हाती काय उरते, एवढ्या तीन गोष्टी तिने होकार कळवण्यापूर्वी लेखी विचारून घ्याव्यात.