घरातल्या दिव्यांवर स्पेक्ट्रोस्कोपी : जुना सीएफएल जपून ठेवा

सर, तुमचा प्रश्न असा की डिपार्टमेंटला एकच सोडियम दिवा, उजेडाचे रंग वेगळे करून मोजणारा एकच स्पेक्ट्रोमीटर आणि पोरांची मोठी बॅच. मग घरगुती दिव्यांवर बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल होईल का? होतं. फक्त रंग दाखवून सोडू नका, प्रत्येकाकडून तरंगलांबीचा आकडा काढून घ्या.

पुठ्ठ्याचं खोकं, दाढीच्या ब्लेडच्या दोन पात्यांची फट आणि डीव्हीडी-आरचा तुकडा एवढंच लागतं. डीव्हीडीचे दोन पापुद्रे सोडवायचे, रंगाचा थर स्पिरिटनं पुसायचा, झालं ग्रेटिंग, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करणारी खाचांची पट्टी. डीव्हीडीच्या खाचा 0.74 मायक्रोमीटरवर असतात, सीडीच्या 1.6 वर, म्हणून डीव्हीडीच घ्या. फट खाचांना समांतर हवी, बहुतेक पोरं इथंच अडकतात. अंधारासाठी खिडक्यांवर चादरी टाका, सोलापुरात त्यांना काय तोटा!

आता सीएफएल, म्हणजे बारीक नळीचा तो कमी विजेवर चालणारा दिवा. आत पारा असतो, म्हणजे 435.8 (निळी) आणि 546.1 (हिरवी) नॅनोमीटरच्या रेषा फुकटात मिळतात. हिरव्याकडे मात्र नीट बघायला सांगा. तिथं 542 च्या आसपास फॉस्फरमधल्या (दिव्यातल्या चमकणाऱ्या लेपातल्या) टर्बियम या मूलद्रव्याचा पट्टा चिकटूनच असतो. पाऱ्याची रेषा त्याच्या लाल बाजूची, बारीक आणि धारदार. पोरं हमखास भलतीच धरतात, आणि मग पुढचं सगळं गणित सरकतं.

मोबाईल स्टँडवर पक्का बसवून फोटो काढा. समजा, निळी रेषा 400 व्या पिक्सेलवर आली आणि हिरवी 840 व्या. म्हणजे 440 पिक्सेलला 110.3 नॅनोमीटर, पिक्सेलमागे साधारण पाव नॅनोमीटर. खोकं न हलवता त्याच जागी पांढरा एलईडी लावा. निळं शिखर 460 व्या पिक्सेलवर आलं तर उत्तर 450 नॅनोमीटरच्या जवळ, एलईडीच्या निळ्या चिपचं तेच असतं. त्यापुढचा पिवळा फुगवटा फॉस्फरचा. पडताळ्यासाठी सीएफएलची युरोपियमची लाल रेषा आहेच, ती 611 ला यायला हवी. फोटोतल्या रंगावर विसंबू नका, कॅमेरा रंग बदलतो; जागा धरा.

साध्या पिवळ्या बल्बला पाच मिनिटं पुरेत, सलग पट्टा आणि रेषा नाहीत.

सोडियमसाठी स्पिरिटच्या दिव्याची वात मिठाच्या पाण्यात भिजवा. त्याच्या 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन रेषा या खोक्यात वेगळ्या दिसत नाहीत. तेव्हाच तुमचा स्पेक्ट्रोमीटर बाहेर काढा, आता त्याची किंमत कळते.

खोकं सूर्याकडे रोखू देऊ नका, आकाशाचा उजेड पुरतो. आणि सीएफएल फुटलाच तर झाडू मारायचा नाही. पोरांना बाहेर काढून खिडक्या उघडा, तुकडे पुठ्ठ्यानं गोळा करा.