उपासनेनंतर दुःखी माणसाजवळ जाताना
चर्चच्या मंडळीत उपासनेनंतर दुःखी माणसांची विचारपूस करण्याची सेवा आपण करू पाहता, हे उत्तमच आहे. आरंभी एवढेच करा: उपासनेच्या शेवटचे आशीर्वचन होताच ओळखीच्यांच्या घोळक्यात न शिरता, मागच्या बाकावरून घाईने निघून जाणाऱ्यांकडे आणि काही रविवारांपासून न दिसलेल्यांकडे लक्ष द्या; नाताळात तर घरचे माणूस नुकतेच गमावलेल्यांकडे अधिकच. जवळ जाऊन विचारपूस करा आणि ऐका. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होणे. बायबलमधील, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले तोवर ठीक होते. बिघडले ते त्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर. ऐकलेले प्रार्थनाविनंतीच्या नावाखाली चारचौघांत सांगू नका (हे सर्रास घडते). जिवाला धोका वाटल्यास मात्र त्या व्यक्तीला एकटे न सोडता पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) तत्काळ कळवा. त्याच आठवड्यात एक फोन करा. समुपदेशनाचे नंतर पाहू.