आधी आजीचा आवाज परत मिळवा

नमस्कार.

तुमच्या मुलीला बारावी कला शाखेत ७८ टक्के मिळालेत. तिला इतिहास घेऊन बी.ए. करायचंय आणि पुढे संग्रहालयांसोबत वस्त्यांचा इतिहास जमवायचं काम करायचंय. 'यात पोटापाण्याचं काय? तिला बँकेच्या परीक्षांकडे कसं वळवू?' असं तुम्ही विचारलंय. मी मात्र पत्राच्या शेवटच्या चार ओळींपाशी अडकलो. लालबागची चाळ रिकामी होण्याआधी तिनं आजीला बोलतं केलं, तीन तास रेकॉर्ड केलं आणि गेल्या रविवारी तुम्ही तिला ते सगळं पुसायला लावलंत. कारण, 'संपात आमच्या घरात झालं ते चारचौघांत मांडायचं नाही.'

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होतात. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. तुमचे वडील त्यांच्यातलेच. तुम्ही दहावीनंतर शाळा सोडून कामाला लागलात. मुलीच्या हातात एक तारखेला पगार पडावा असं तुम्हाला वाटतं ते कुठून येतं, हे मला कळतं. पण ही भीती तिच्या गुणपत्रिकेतून आलेली नाही, तुमच्या लहानपणातून आली आहे. आणि बोलली होती ती आजी. ठेवायचं की पुसायचं, हे त्या ८१ वर्षांच्या बाईला कुणी विचारलं का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

तुमच्या संकोचात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. घरातलं दुःख परस्पर बाहेर नेऊ नये. पण या कामाचा पहिला धडाच तो आहे. रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्यायची, नंतर त्या माणसाला ऐकवायचं, कोणता भाग संग्रहालयात जाईल आणि कोणता घरातच राहील ते लिहून घ्यायचं, एक प्रत कुटुंबाला द्यायची. तुमच्या मुलीनं तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं. ते ती शिकेल. त्यासाठी पुसायची गरज नव्हती.

आजी खानावळ चालवायच्या, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. एकेका गाळ्यात गावाकडून आलेले दहा-पंधरा पुरुष पाळ्यांप्रमाणे आलटून पालटून झोपायचे, त्यांना जेवू घालणाऱ्या या बायका. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मंडळाबद्दल वाचायला मिळतं. पण संपात कामगारांचे पैसे थकले तेव्हा तिच्या आजी चूल कशी पेटती ठेवत होत्या, ते कुठल्याच दप्तरात नाही. ते त्या तीन तासांत होतं.

आता तुमचा एक गैरसमज. 'संग्रहालयात काय, काचेमागची धूळ झटकणार,' असं तुम्ही लिहिलंय. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुलं झालं. तिथे मुंबईतल्या लोकांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. त्यांना समाज आहे, व्यवसाय आहे, माणसाचं नाव नाही. त्या काळी संग्रहालय लोकांकडे असं लांबून बघायचं. आज वस्तीचा इतिहास नीट मांडायचा तर संग्रहालयाकडे जागा असते, वस्तू टिकवायचं ज्ञान असतं, नोंदवही असते. पण हा डबा कुणाचा, या फोटोतली डावीकडची बाई कोण, हे त्या वस्तीत वर्षानुवर्षं कागद आणि आठवणी जमवणाऱ्या स्थानिक अभ्यासकालाच ठाऊक असतं, आणि लोक दार उघडतात तेही त्याच्यासाठी. एक दिवस कॅमेरा घेऊन यायचं, पत्र्याची ट्रंक उघडून फोटो काढायचे आणि पाटीवर त्या अभ्यासकाचं नावही लावायचं नाही, याला मी भागीदारी म्हणत नाही. दोन्ही बाजूंची भाषा येणारं, दोघांनाही जाब विचारू शकणारं माणूस मधे लागतं. गिरणगावात वाढलेली, आजीला तीन तास बोलतं ठेवणारी मुलगी त्या जागी शोभेल.

नोकऱ्या कमी आहेत, सुरुवातीला बऱ्याचदा कंत्राटावर आणि बेताच्या पगारावर काम करावं लागतं, हे तिलाही वाचून दाखवा. म्हणून नुसती आवड पुरणार नाही. तिनं इंग्रजी पक्कं करावं, मोडी शिकावी, नोंदी आणि ध्वनिमुद्रण नीट ठेवायला शिकावं. पदवीनंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा संग्रहालयशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम किंवा बडोद्याच्या विद्यापीठातला संग्रहालयशास्त्र विभाग पाहावा. बँकेची लिपिक आणि अधिकारी पदांची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीवर देता येते, एमपीएससीही. इतिहास घेतल्यानं त्यातलं एकही दार बंद होत नाही.

म्हणजे बँकेचा निर्णय तीन वर्षांनी घेतला तरी चालेल. रेकॉर्डिंगचं तसं नाही. मुलीनं रेकॉर्डिंग गुगल ड्राइव्हवर ठेवलं असेल आणि तिथून पुसलं असेल, तर ती फाइल तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहते. त्यातला एक आठवडा गेला. आज रात्री तिच्यासोबत बसून शोधा. सापडली तर आधी आजींना ऐकवा आणि पुढचं त्यांना ठरवू द्या. नाहीच सापडली, तर येत्या रविवारी आजींची हरकत नसेल तर मुलीनं पुन्हा विचारावं, आणि तुम्हीही तिथे बसा.