एफडी मोडू नका, तपासणी मात्र करा

प्रश्न: आम्ही सोलापूरचे. वडील ६६ वर्षांचे, यंत्रमागावर काम केलेले, विडी-तंबाखू कधीच नाही. फुफ्फुसाचा अडेनोकार्सिनोमा निघाला, चौथी स्टेज. डॉक्टरांनी गाठीच्या तुकड्यावर एनजीएस तपासणी सांगितली, खर्च ५५,००० रुपये. मुलीच्या प्रवेशासाठी अडीच लाखांची दोन वर्षांची एफडी आहे, मुदतीला चार महिने उरलेत. भाऊ म्हणतो, एवढे पैसे नुसत्या रिपोर्टवर कशाला? मोडू का?

उत्तर: ताई, औषध कोणतं द्यायचं ते याच रिपोर्टवर ठरतं. या तपासणीत अनेक जनुकांतले बदल एकाच वेळी पाहिले जातात. भारतात या कर्करोगाच्या साधारण चारातल्या एका रुग्णात ईजीएफआर जनुकातला बदल सापडतो, आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत शक्यता जास्त. तो सापडला तर केमोऐवजी गोळ्यांवर उपचार सुरू होऊ शकतो.

भावाच्या बोलण्यातही तथ्य आहे. ईजीएफआर, एएलके अशा एकेका जनुकाच्या सुट्या तपासण्या कमी पैशांत होतात. पण सुईने काढलेला तुकडा बारीक असतो. एकेक तपासणी करता करता तो संपला तर पुन्हा बायोप्सी, पुन्हा खर्च आणि वडिलांना पुन्हा तोच त्रास. म्हणून आधी पॅथॉलॉजिस्टना विचारा, ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यात, किती शिल्लक आहे? थोडंच असेल तर मी थेट एनजीएस करायला सांगेन. ब्लॉक कुरियरने जातो, वडिलांना पुण्या-मुंबईला न्यावं लागत नाही.

पैशांचं सोपं आहे. एफडी मोडलीत आणि बँकेने १ टक्का दंड लावला, तर २० महिन्यांचे साधारण ४,२०० रुपये जातील. त्याऐवजी एफडीवर ५५,००० चं कर्ज घ्या. साडेआठ टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज १,६०० च्या आत बसतं आणि एफडी चालू राहते. वडिलांची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर दाखल होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च मिळतो का, तेही पाहा.

मला खरी काळजी पुढच्या गोळ्यांची वाटते. ईजीएफआरवरच्या जुन्या गोळ्या जेनेरिकमध्ये महिन्याला काही हजारांत मिळतात, काही नव्या गोळ्यांचा खर्च मात्र लाखाच्या घरात जाऊ शकतो. नमुना पाठवण्याआधीच डॉक्टरांना विचारा: कोणता बदल निघाला तर कोणतं औषध, आणि महिन्याला किती? रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून महात्मा फुले योजनेत त्यातलं काय बसतं ते समजून घ्या. मग भावाला समोर बसवून दरमहा कोण किती देणार ते ठरवा, आणि मुलीच्या प्रवेशाचे पैसे त्या हिशेबात धरू नका.