मॅडम, सुई लावली की पसरतं का हो?

छातीतल्या गाठीसाठी डॉक्टर ज्या बायकांना माझ्याकडे पाठवतात ना, त्यातल्या बऱ्याच जणींचा पहिला प्रश्न "मी वाचेन का" हा नसतोच. "सुई लावली की पसरतंय म्हणे, खरं का हो मॅडम?" हा असतो. सुई म्हणजे बायोप्सी, गाठीचा तुकडा सुईने काढून तपासतात ती, आणि पसरतो म्हणतात तो कॅन्सर. आणि यावर घरात खल करण्यात जे दोन-तीन महिने जातात ते मला फार खटकतात, म्हणून एक केस लिहितेय. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

तासगावकडची, वय ३२, द्राक्षबागेचं घर, धाकटं लेकरू अकरा महिन्यांचं आणि अंगावर पिणारं. डाव्या बाजूला, काखेच्या जवळ गाठ हाताला लागली, दुखत अजिबात नव्हती. सासूबाई म्हणाल्या दुधाची असेल, शेक दे. शेक झाला, हळदीचा लेप झाला, तोवर ऑक्टोबरची छाटणी आली मग फवारण्या, ज्या घरात त्या दिवसात जेवायला सवड नसते तिथं सुनेला दवाखान्यात कोण नेणार. दूध साठून झालेली गाठ पाजल्यावर, शेकल्यावर काही दिवसांत जाते, दोन आठवडे झाले तरी जागची हलत नसेल तर बाळ अंगावर पीत असलं तरी दाखवायचंच. आणि दुखत नाही म्हणजे साधी हा हिशोबच उलटा आहे, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

शेवटी सांगलीत आली तीही गाठीसाठी नाही, बाळाच्या डोससाठी. तिथल्या सिस्टरला सहज बोलली आणि त्या बाईने (देव तिचं भलं करो) तिला तशीच सोनोग्राफीला धाडलं. सर्जननी बायोप्सी सांगितली, घरचे नको म्हणाले, मग तिघं माझ्यासमोर. ती, तिचे मालक आणि सासूबाई.

रिपोर्ट रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत घडी घालून आणलेला. त्यातल्या एका ओळीखाली मालकांनी पेनने दोनदा रेघ मारलेली, बायरॅड्स ४बी. म्हणाले, "चौथी स्टेज आहे नव्हं मॅडम? मोबाईलवर बघितलं मी. मग आता तिला सुया टोचून हाल कशाला करायचे?" आणि ती शेजारी बसून हे ऐकतेय, बाळाच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळतेय, सोडतेय.

तर हे आधी सगळ्यांनी नीट वाचा. बायरॅड्सचा आकडा आणि कॅन्सरची स्टेज यांचा काही संबंध नाही. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत गाठ कशी दिसतेय याला दिलेला तो नंबर आहे. २ म्हणजे साधी, ३ म्हणजे बहुतेक साधीच पण लक्ष ठेवा, ४ म्हणजे शंका आहे तुकडा तपासा, ५ म्हणजे दाट शंका. चारमध्येही ए, बी, सी आहेत आणि ४बी म्हणजे शंभरातल्या दहा ते पन्नास जणींना कॅन्सर निघू शकतो, बाकीच्यांना नाही. तरुण वयातल्या बहुतेक गाठी तर फायब्रोअॅडिनोमासारख्या साध्याच असतात. स्टेज नंतर ठरते, आधी बायोप्सी.

हे सांगितल्यावर मालक जरा सावरून बसले पण सासूबाई हलेनात. "आमच्या भावकीतली वैनी सुई लावायच्या आधी हिंडती-फिरती हुती. लावली आणि चार म्हैन्यात गेली." मी त्यांना खोडून काढलं नाही. वैनींना गाठ किती दिवस होती एवढंच विचारलं. "वरीसभर हुती की. आधी ल्हान हुती, मग फुटली, वास यायला लागला, तवा न्हेली मिरजेला..." आणि बोलता बोलता म्हातारी स्वतःच थांबली.

हा समज असाच पसरलाय. आपल्याकडे बायका उशिरा जातात, तोवर आजार आधीच बाहेर गेलेला असतो, माणूस जातं आणि बोल सुईला लागतो. सुईने तुकडा काढल्यामुळे आजार बळावत नाही. जागा बधिर करतात, स्टेपलरसारखा टक आवाज येतो, चिमूटभर तुकडे लॅबला जातात आणि बाई चालत घरी येते. उलट मला भीती वाटते ती तपासणी न करता नुसती गाठ कापून टाकण्याची. कुठेतरी छोट्या ठिकाणी काढतात आणि लॅबला पाठवतच नाहीत. गाठ काढली तर तिचा रिपोर्ट मागून घ्या, भांडून घ्या.

हिचा रिपोर्ट कॅन्सरचाच आला. खोटं कशाला सांगू. पण गाठ सव्वादोन सेंटीमीटरची, काखेत पसरलेला नाही, दुसरी स्टेज. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे अंगातल्या हार्मोनवर वाढणारा. पूर्ण स्तन काढावा लागला नाही, गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढून पुढे केमो आणि रेडिएशन, अशा केसमध्ये एवढ्यावरही बाई पूर्ण स्तन काढल्याइतकीच जगते हे वीस वर्षांच्या पाहणीत दिसलंय. खर्चाचं बरंचसं महात्मा फुले योजनेत बसलं. बाळाचं अंगावरचं मात्र तोडावं लागलं आणि केस गेले त्यापेक्षा ती त्याच्यासाठी जास्त रडली. केमोत पाळी थांबली होती ती परत आली, टॅमॉक्सिफेनची, म्हणजे त्या हार्मोनला अडवणारी गोळी अजून चालू आहे म्हणून सध्या दिवस जाऊ द्यायचे नाहीत. हात सुजू नये म्हणून डाव्या हाताला बीपी मोजू देत नाही, सुई टोचू देत नाही, नर्सवरच खेकसते. आज चार वर्षं झाली, बाग तीच बघते.

एक गोष्ट मात्र तेव्हा मला आवडली नव्हती. घरात ठरलं की बाहेर कुणाला सांगायचं नाही, नणंदेचं लगीन जमायचंय, घरात असला आजार कळला तर स्थळं यायची नाहीत. आता नणंदेचं आणि हिचं रक्ताचं नातंच नाही, तिला हिच्यामुळे काडीचा धोका नाही! आणि जिला खरोखर सांगायला हवं होतं ती फलटणला दिलेली हिची सख्खी धाकटी बहीण, वय २९, तिला टायफॉईड झालाय म्हणून सांगितलेलं. कमी वयात कॅन्सर झाला की डॉक्टर बीआरसीएची, म्हणजे आजार रक्तातून आलाय का ते बघणारी जीनची रक्ततपासणी सुचवतात, हिची निगेटिव्ह आली, तरी सख्ख्या बहिणीने बेसावध राहायचं नसतं.

मी हिला म्हटलं, फोन लाव, इथूनच. लावला. बहीण आधी पाच मिनिटं तिला बोलत होती की मला परकी केलीस म्हणून, मग म्हणाली, "ताई, मला पण एक लागतीय गं, पाळीच्या आधी मोठी होतीय, कुणाला सांगू कळेना." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आली. फायब्रोअॅडिनोमा निघाला. आता वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवायला येते, दोघी एकाच दिवशी नंबर लावतात.