प्लेन टायगर की डॅनाइड एगफ्लायची मादी? सारख्या दिसणाऱ्या फुलपाखरांची ओळख खात्रीने कशी पटवावी?

एकाच फोटोला ॲपने एकदा प्लेन टायगर आणि दुसऱ्यांदा डॅनाइड एगफ्लाय असे नाव दिले, तर यांपैकी कोणते मानावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, मागच्या पंखावरचे ठिपके मोजल्याशिवाय दोन्हींपैकी कोणतेही नाव मानू नये.

प्लेन टायगरची अळी रुईची पाने खाते आणि त्यांतील विषारी द्रव्ये अंगात साठवते, त्यामुळे पक्षी हे फुलपाखरू सहसा टाळतात. डॅनाइड एगफ्लायच्या अळीचे खाद्य मात्र आपण भाजी करतो त्या घोळीसारख्या वनस्पती असतात आणि तिच्या अंगी असे विष नसते; म्हणून तिची मादी प्लेन टायगरचे रूप घेऊन वावरते. नर काळा असून त्यावर जांभळट कडेचे मोठे पांढरे डाग असल्याने तिथे गोंधळ होत नाही. मादीच्या बाबतीत नारिंगी रंग, पुढच्या पंखाचे काळे टोक आणि त्यातील पांढरा पट्टा या नजरेत भरणाऱ्या खुणांवर विसंबता येत नाही, कारण नक्कल झाली आहे ती नेमकी त्यांचीच. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी मादीत तीन आणि नरात चार काळे ठिपके असतात, तर एगफ्लायच्या मादीत त्याच पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच ठळक ठिपका असतो. शिवाय तिच्या मागच्या पंखाची बाहेरची कड किंचित दातेरी दिसते. ही खूण कळल्यानंतर मी माझे जुने फोटो पुन्हा तपासले, तेव्हा प्लेन टायगर म्हणून नोंदवलेल्यांपैकी काही एगफ्लायच्या माद्या निघाल्या आणि त्या नोंदी मी दुरुस्त केल्या.

यासाठी फुलपाखरू धरण्याची मुळीच गरज नाही. बोटांच्या चिमटीत पंखांवरचे खवले निघून येतात, आणि डॅनाइड एगफ्लायला तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे. आपली सावली त्यावर पडू न देता हळूहळू जवळ जावे, पंख उघडे असताना एक आणि मिटलेले असताना एक असे किमान दोन फोटो घ्यावेत, आणि ते कोणत्या झाडावर अंडी घालत होते हे दिसले तर तेही लिहून ठेवावे. रुईवर अंडी घालणारी मादी ठिपके न मोजताही ओळखता येते.

कॉमन मॉर्मनच्या मादीचेही असेच आहे. तिचे एक रूप कॉमन रोझसारखे दिसते, पण रोझच्या शरीरावर लाल रंग असतो आणि मॉर्मनचे शरीर काळे असते. कढीपत्त्याभोवती घिरट्या घालणारी ‘रोझ’ बहुधा मॉर्मनच असते.

ग्रास यलो ही पिवळी फुलपाखरे मात्र अधिक अवघड आहेत. ती पंख मिटूनच बसतात, म्हणून खालच्या बाजूचा फोटो लागतो. पुढच्या पंखाच्या मूळाकडील बंद कप्प्यात सामान्यतः कॉमन ग्रास यलोला दोन, थ्री-स्पॉटला तीन आणि वन-स्पॉटला एक खूण असते. परंतु पावसाळी आणि कोरड्या ऋतूतील रूपांत बराच फरक पडतो, आणि बसलेल्या फुलपाखराचा मागचा पंख अनेकदा हा कप्पा झाकून टाकतो. अशा वेळी नोंद ‘युरेमा’ या वंशापाशीच थांबवावी. स्विफ्ट गटातील काही तपकिरी फुलपाखरे तर जननेंद्रिये तपासल्याशिवाय तज्ज्ञांनाही वेगळी करता येत नाहीत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर वंशापर्यंतची नोंद विनासंकोच करता येते, आणि माझ्या मते अंदाजाने लिहिलेल्या प्रजातीच्या नावापेक्षा ती कितीतरी उपयोगाची असते, कारण पुढे कोणी प्रसाराचा नकाशा काढला तर चुकीचे नावही त्यात ठिपका होऊन बसते. दुसऱ्या कोणी सुचवलेल्या नावाला सहमती देतानाही आपण स्वतः कोणती खूण पाहिली हे शेऱ्यात लिहावे.

आपल्या फोटोत मागचा पंख पूर्ण दिसत असेल, तर त्यावरचे ठिपके मोजून कळवा. तो फुलाआड गेला असेल, तर तारीख, ठिकाण आणि ‘प्लेन टायगर किंवा डॅनाइड एगफ्लायची मादी, मागचा पंख दिसला नाही’ एवढीच नोंद ठेवा.